फुटला की फोडला?

'हे कुणी केलं?' हा प्रश्न आपल्याकडे दोनच प्रसंगी विचारला जातो. आमटी फक्कड झाली तर, आणि कपबशी फुटली तर. पहिल्या प्रसंगी स्वयंपाकघरातून एकाच वेळी तीन हात वर होतात. मसाला सासूबाईंचा, फोडणी सुनेची आणि कोथिंबीर धाकट्या नातीनं निवडलेली. माझ्यासारखा माणूससुद्धा 'चिंच मीच आणली होती म्हटलं' असं हळूच सांगून घेतो. दुसऱ्या प्रसंगी मात्र घरातली सगळी माणसं एकाएकी आपापल्या कामात इतकी गढून जातात, की या घरात कपबशीखेरीज कुणी राहतच नसावं असं वाटतं. मग पुष्कळ चौकशीअंती कुठून तरी उत्तर येतं, "फुटली."

फुटली! म्हणजे ती बशी फळीवर बसल्या बसल्या आयुष्याला कंटाळली आणि तिनं आपण होऊन उडी घेतली.

या बाबतीत आपली भाषा मोठी मायाळू आहे. फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, पडणे आणि पाडणे अशी जोडीजोडीची क्रियापदं पूर्वजांनी करून ठेवली आहेत. काम अंगाशी आलं की पहिलं वापरायचं, मिरवायचं असलं की दुसरं. आमच्या कडेगावच्या चौकात कुठल्याही निवडणुकीनंतर आठ दिवस उभे राहा. हरलेल्या उमेदवाराची माणसं म्हणतात, "अण्णा पडले." आणि "आम्हीच पाडला" म्हणणारे इतके भेटतात, की त्यांची बेरीज केली तर गावची मतदारयादी कमी पडावी.

या भाषेची खरी गोडी मला लागली ती नोकरीत. मी चौतीस वर्षं एका कचेरीत कारकुनी केली. कुठल्या ते सांगत नाही. पेन्शन चालू आहे. कचेरीच्या मराठीत कर्ता हा प्राणीच नसतो. 'निदर्शनास आले आहे', 'कळविण्यात येत आहे', 'कार्यवाही करण्यात आली'. कुणाच्या निदर्शनास आलं, कुणी कळवलं, कुणी केली, विचारू नका. सगळं आपोआप होत असतं, पाऊस पडावा तसं.

एकदा एका गावाला बारा घोंगड्या मंजूर झाल्या आणि एकशे वीस गेल्या. बाराच्या पुढे एक शून्य जास्त पडलं होतं. फाइलीवर पाच सह्या. चौकशी बसली. (आपल्याकडे चौकशीही 'बसते', तिला बसवणारा कुणी नसतो.) वरच्या चौघांचं म्हणणं एकच : खालच्यानं लिहिलं होतं म्हणून आम्ही सही केली. सगळ्यांत खालच्याचं म्हणणं : वरच्या चौघांनी सही केली, तेव्हा बरोबरच असणार म्हणून मी पाठवलं. प्रत्येकाची सही ही दुसऱ्याच्या सहीवरचा विश्वास होती. मूळ कागदावर विश्वास ठेवायचं कामच कुणाकडे आलं नव्हतं. तीन महिन्यांनी अहवाल आला : 'सदरहू शून्य अनवधानाने पडले.' आणि ज्याची फाइलीवर सही नव्हती अशा एकुलत्या एका माणसाला, म्हणजे फाइल या टेबलावरून त्या टेबलावर नेणाऱ्या शिपायाला, सक्त ताकीद देण्यात आली. पाहा, 'देण्यात आली'.

ही हकीकत मी आमच्या पुतण्याला सांगितली तेव्हा तो पोट धरधरून हसला. तो पुण्याला हिंजवडीत एका कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. म्हणाला, "काका, आमच्याकडं असलं चालायचं नाही. आमच्यात प्रत्येक ओळीवर नाव असतं."

"प्रत्येक ओळीवर?"

"कोणती ओळ कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी लिहिली, सगळं गिटमध्ये असतं."

'गिट' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गुलाबजामचं पाकीट उभं राहिलं. आमच्या हिनं तर आतून "किती आणायची?" असं विचारलंसुद्धा. पण हे गिट निराळं. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या गृहस्थानं आधी १९९१ मध्ये लिनक्स काढलं. जगभरची हजारो माणसं त्यात भर घालू लागली, तेव्हा कुणी काय घातलं याचा हिशेब ठेवायला २००५ मध्ये त्यानं हे गिट लिहिलं. इंग्रजी बोलीत 'गिट' म्हणजे भिकारडा माणूस. आपण आपल्या सगळ्या कामांना स्वतःचंच नाव देतो, असं तो गमतीनं सांगतो. एवढी नम्रता आमच्या कचेरीत कुणी दाखवली असती, तर घोंगड्यांचं प्रकरण एका दिवसात मिटलं असतं.

त्या पद्धतीत प्रोग्रॅममध्ये बदल केला की नाव, तारीख, वेळ आणि 'काय केलं' याची एक ओळ असं सगळं एका गाठोड्यात बांधून ठेवायचं. त्याला म्हणतात कमिट. माझा आजवरचा संबंध फक्त कमिटीशी. दोन्ही शब्दांत फरक एका वेलांटीचा. पण कुणी एकट्यानं कमिट करायची पाळी येऊ नये, यासाठीच तर कमिटी नेमतात!

पुढं त्यानं सांगितलं, की यात एक आज्ञा आहे, तिचं नाव 'ब्लेम'. ती दिली की समोरच्या प्रत्येक ओळीच्या डाव्या अंगाला ती लिहिणाऱ्याचं नाव उमटतं. 'सबव्हर्जन' नावाच्या थोड्या आधीच्या पद्धतीत तर त्याच आज्ञेला 'ब्लेम' म्हटलं काय किंवा 'प्रेज' म्हटलं काय, एकच उत्तर मिळतं. दोष द्यायचा असो की शाबासकी, माणूस तोच. मला हे फार आवडलं. आमटी आणि कपबशी एकाच आज्ञेत! मी विचारलं, "मग तुम्ही जास्त काय वापरता?"

"काका, 'प्रेज' लिहिणारा माणूस मी अजून पाहिला नाही."

मग तो म्हणाला, की गिटमध्ये एका कमिटवर दोन नावं असू शकतात. मजकूर लिहिणारा एक आणि तो वहीत चढवणारा दुसरा. यात मला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे हे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली होऊन गेलं आहे. ज्ञानेश्वरी सांगितली ज्ञानदेवांनी, लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी, आणि दोघांचीही नोंद ग्रंथाच्या शेवटी आहे. पुढं तीनशे वर्षांत ज्याला जी ओवी सुचली ती त्यानं आत सरकवली, तेव्हा नाथांनी शके १५०६ मध्ये सगळ्या प्रती मेळवून पाठ शुद्ध केला, आणि पुन्हा कुणी आपली भर घालू नये म्हणून खाली तंबी लिहून ठेवली. पुतण्या म्हणाला, "अहो, याला आमच्यात मेंटेनर म्हणतात." म्हटलं, आमच्यात एकनाथ महाराज म्हणतात. शिवकाळात तर पत्र संपलं की 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का उठवत, म्हणजे त्याच्या खाली कुणी एक ओळही घुसडू नये. शिक्कामोर्तब उगाच नाही म्हणत.

पण नाव लिहिलं म्हणजे काम भागलं असंही नाही. 'तुका म्हणे' लिहिलेले सगळेच अभंग तुकोबांचे नव्हेत, यावर अभ्यासकांचे वाद चालूच आहेत. नाममुद्रा काय, कुणीही घालावी. पुतण्या म्हणाला, की गिटचंही तसंच आहे. आपण सांगू ते नाव ते बिचारं मुकाट्यानं लिहून घेतं. म्हणून आता खात्रीसाठी गुप्त किल्लीची निराळी सही करतात. म्हणजे पुन्हा शिक्कामोर्तब!

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण गेल्या मोहरमला पुतण्या गावी आला तो चेहरा पाडूनच. (पडूनच नव्हे.)

झालं होतं असं, की कंपनीच्या प्रोग्रॅमनं एका रात्रीत कितीतरी गिऱ्हाइकांना दोनदोन बिलं पाठवली. सकाळी फोनवर फोन. 'ब्लेम' केलं; दोन सेकंदांत नाव आलं. आठ महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली एक मुलगी. मीटिंगमध्ये सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती एवढंच म्हणाली, "हो, कमिट माझंच आहे." आता त्यांच्यात असा नियम, की एकानं केलेला बदल दुसऱ्यानं वाचून संमती दिल्याशिवाय पुढं जात नाही. तसा तो वाचून 'मला ठीक दिसतंय' असा शेरा कुणीतरी दिला होता. तो कुणीतरी म्हणजे आमचा पुतण्या. शुक्रवारची संध्याकाळ होती, साताऱ्याची गाडी गाठायची होती. शेरा दिला, वाचलं नाही. आणि आता घडल्या प्रकाराचा अहवाल लिहायचं काम साहेबांनी त्यालाच दिलं होतं. सोमवारपर्यंत हवा, आणि 'नाव एक पुरे' असं वर सांगितलं होतं.

"खोटं काहीच लिहायचं नाही, काका," तो म्हणाला. "ओळ तिचीच आहे."

मी काही बोललो नाही. मला आमचा शिपाई आठवला. आमच्या कचेरीत नाव सापडत नव्हतं आणि यांच्या कंपनीत नाव दोन सेकंदांत सापडतं. शेवटी दोन्हीकडे सापडतो तो शिपाईच.

एका ओळीची काय कथा, एका अक्षराचा खटलासुद्धा आपल्याकडे झालेला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या हुकमात 'धरावे' होतं, त्याचं कुणीतरी 'मारावे' केलं. लोक आनंदीबाईंचं नाव घेतात. पुढं साताऱ्याला येऊन राहिलेल्या ग्रँट डफ साहेबानंही आपल्या इतिहासात ही हकीकत नोंदली आहे. आता आमच्या पद्धतीनं चौकशी झाली असती, तर 'ध' चा 'मा' अनवधानाने झाला, असं लिहून हुकूम पोचवणाऱ्या जासुदाला ताकीद गेली असती. पण न्यायासनावर होते साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. राघोबादादांनी कबूल केलं, की धरण्याचा हुकूम आपला, मारण्याचा नव्हे. म्हणजे 'ब्लेम' केलं असतं तर अर्धीच ओळ त्यांच्या नावावर निघाली असती. शास्त्रीबोवांनी अक्षर कुणी फिरवलं एवढ्यावर प्रकरण मिटवलं नाही. पुतण्याला धरायला शस्त्रधारी माणसं ज्यानं पाठवली, त्याला त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि आपण पुणं सोडलं. अक्षर दुसऱ्याचं असेल; ते अक्षर ज्या कागदाच्या जोरावर चाललं, तो कागद दादांचा होता.

त्या संध्याकाळी पुतण्याला घेऊन मी ताबूत पाहायला बाहेर पडलो. आमच्या कडेगावचा मोहरम आपण ऐकून असालच. गगनाला भिडणारे ताबूत. लोक शंभर फुटांच्या पुढचेच आकडे सांगतात. काही मुसलमानांचे, काही हिंदूंचे, आणि दहाव्या दिवशी त्यांच्या भेटी होतात तेव्हा चौकात मुंगीला वाट नसते. बांधायची तऱ्हाही न्यारी. आधी कळस तयार करायचा, मग तो उचलून त्याच्याखाली एकेक मजला चढवत, म्हणजे खरं तर उतरवत, जायचं. बांबू, चिकणमाती आणि सूत एवढंच साहित्य, मजले अष्टकोनी, आणि कुठंही गाठ मारायची नाही. नुसत्या सुताच्या वेढ्यावर सगळा डोलारा उभा.

एका ताबुताजवळ आमचे जुने ओळखीचे तात्या बसले होते. पुतण्यानं विचारलं, "तात्या, हा कुणी बांधला?"

"गावानं."

"तसं नव्हे. हा तिसरा मजला, समजा?"

"त्यो व्हय? त्यो आमच्या धाकल्या पोरानं. दुपारी सूत सैल सोडत हुतं बेणं. म्या बघितलं."

"मग बोलला असाल."

"बोललो की. पर नुसतं बोलून काय हुतंय? संगट उबा ऱ्हायलो आन पुन्ना आवळून घेतलं. येकदा बघितल्यावर मग त्यो माझा बी झालाच की."

"आणि उद्या कलला तर?"

तात्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये. "खाली खांदा कुणाचा असतोय?"

मी घरी येताना विचार करत होतो. त्या ताबुतावर एकाचंही नाव नाही. पण कुठल्या वेढ्याला कुणाचा हात लागला ते गावाला ठाऊक, आणि तो हात लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच ताबुताखाली उभा असतो. नाव नाही, पण माणूस आहे. याच्या बरोबर उलट प्रकार २०२४ च्या मार्चमध्ये झाला. जगभरच्या संगणकांत असलेल्या 'एक्सझेड' नावाच्या एका लहानशा प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका माणसाला आपला संगणक अर्धा सेकंद उशिरा दार उघडतो अशी शंका आली, म्हणून तो सापडला. (आमच्या कचेरीत अर्धा दिवस उशिरा दार उघडे, कुणाला शंका आली नाही.) कमिटवर नाव व्यवस्थित होतं : जिया टॅन. या नावानं दोन-अडीच वर्षं अतिशय सालसपणे काम केलेलं, हळूहळू विश्वास मिळवलेला. पण त्या नावामागं कोण होतं, एक की अनेक, कुठल्या देशाचं, हे उलगडलं नाही. नाव आहे, तारीख आहे, मिनिटसुद्धा आहे. फक्त माणूस नाही.

आणि तिसरीही तऱ्हा आहे. २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाची एक चूक उघडकीला आली. निम्म्या जगाचं कुलूप ज्या प्रोग्रॅमवर, त्यातच भोक. ती ओळ २०११ च्या अखेरीस आत गेली होती. लिहिणाऱ्याचं नाव होतं, तपासणाऱ्याचंही होतं. लिहिणारा जर्मन तरुण पुढं आला आणि म्हणाला, की माझ्याकडून राहिलं, मुद्दाम काही केलेलं नाही. तपासणाऱ्याच्याही नजरेतून ते निसटलं. नावही आहे आणि माणूसही आहे. चूक मोठी होती. पण प्रश्न विचारायला समोर कुणीतरी उभं होतं, म्हणून ती कशी झाली ते लोकांना समजून घेता आलं.

मला वाटतं, गोम इथं आहे. काही शहाणी माणसं म्हणतात, चुकीत माणूस शोधूच नये, व्यवस्थेतली फट शोधावी. खरं आहे, पण फट कुठं आहे हे सांगायलाही ती पाहिलेला माणूसच लागतो, आणि मान कापली जाणार असेल तर तो कशाला सांगेल? नाव लिहायचं ते फाशी द्यायला नव्हे, विचारायला. 'बाबा, त्या वेळी तुझ्या मनात काय होतं?' एवढं विचारण्यापुरतं. आणि नाव लिहायचंच, तर ज्यानं लिहिलं त्याचं, ज्यानं वाचलं त्याचं आणि ज्यानं वाचल्याचं सांगून वाचलं नाही त्याचंही. लिनक्सवाल्यांनी २००४ पासून तशी सही सुरूच केली : बदल पुढं पाठवणारा प्रत्येक जण आपलं नाव खाली जोडतो. आमच्या फाइलीवरही पाच सह्या होत्याच म्हणा. पण आमची सही म्हणजे 'माझ्या टेबलावरून गेलं'. 'माझा बी झाला' असा तात्यांचा अर्थ तिच्यात नव्हता.

आता तर नवीच भानगड. पुतण्या सांगतो, की हल्ली पुष्कळशा ओळी यंत्राला सांगून लिहून घेतात. झालं! आता कपबशी खरोखरच आपोआप फुटू शकेल. पण इथंही लिनक्सवाले पक्के निघाले. यंत्राची मदत घेतली असेल तर तसं लिहा. सही मात्र माणसाचीच हवी, यंत्रानं करायची नाही. बरोबरच आहे. यंत्राला ना बढती ना बदली, ना रात्री झोप न येण्याची सोय. खांदा द्यायला ते येणार नाही.

पुतण्यानं रविवारी रात्री अंगणात बसून अहवाल लिहिला. मी चष्मा लावून पाहिला. इंग्रजीत होता, पण नावं दोन होती. आधी त्याचं, मग तिचं. त्याच्या नावापुढं एक साधं वाक्य होतं, की बदल न वाचता मी संमती दिली. त्या वाक्याला कर्ता होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत असं वाक्य मी कुठल्याही अहवालात वाचलं नव्हतं, म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

पुढं काय झालं म्हणाल, तर ती मुलगी नोकरीत राहिली, आणि आता दुसऱ्यांचे बदल तपासते. फार कडक तपासते म्हणे. याची बढती मात्र सहा महिने लांबली.

लांबली, बरं का. लांबवली असं कंपनीत कुणीच म्हणत नाही.